नळीचं दुसरं टोक

बाबालाल मिस्त्रींना उंचावर चक्कर येते, असं मी दीड वर्षापूर्वी एका साहेबांना सांगितलं. ते खोटं होतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला बोललेलो नाही, बायकोलाही नाही. तसा मी कमी बोलणारा माणूस. सर्जेरावांना वेळ विचारली तर ते नुसतं मनगट पुढं करतात, अशी आमच्या गल्लीत माझी ख्याती आहे. एवढं मोजकं बोलायचं आणि त्यातलं एक वाक्य असं निघावं, हे वाईटच.

पण त्या वाक्यानं काय केलं हे समजायचं तर आधी मिस्त्री समजायला हवेत. आणि मिस्त्री म्हणजे त्यांची नळी.

नळी म्हणजे गवंड्यांची लेव्हलची नळी. बोटाएवढी जाड, आरपार दिसणारी, तीस-पस्तीस फूट लांब. तिच्यात पाणी भरायचं, एक टोक एकानं या भिंतीशी धरायचं, दुसरं टोक दुसऱ्यानं समोरच्या भिंतीशी. दोन्हीकडं पाणी जिथं स्थिर होईल तिथं पेन्सिलीनं खूण करायची. त्या दोन खुणा एका पातळीत. आता त्यासाठी लेसरची यंत्रं आलीत, पण त्या लाल उजेडावर मिस्त्रींचा विश्वास नाही. "उजेड काय, कुठंबी पडतोय," असं ते म्हणतात. "पाण्याला इचारा."

ही नळी कायम त्यांच्या खांद्यावर, गारुड्याच्या नागासारखी. बाजारात जाताना, दवाखान्यात, लग्नात, मयतीला सुद्धा. सत्तरीला टेकलेला शिडशिडीत माणूस, कानावर पेन्सिल, आणि नजर समोरच्याच्या तोंडावर नाही तर त्याच्या मागच्या भिंतीवर. चहाच्या गाड्यावरचं बाकडं डुगडुगलं तर आधी पायाखाली कागदाची घडी सारतील, मगच बसतील. न्हाव्याच्या दुकानातला आरसा एका अंगाला झुकलाय म्हणून मिस्त्री मानही तेवढीच झुकवून बसतात. मग एका कानावरचे केस जास्त कापले जातात, आणि त्याचा दोष ते आरशाला देतात. एका लग्नात तर फोटोच्या वेळी ते स्टेजवर चढले आणि नवरा-नवरीला जागा बदलायला लावली. स्टेज एका बाजूला दोन बोटं खाली होतं आणि नवरी नवऱ्यापेक्षा दोन बोटं उंच होती. "आता फोटोत सारखी दिसशीला," म्हणून खाली उतरले आणि जेवायला बसले.

नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पाणी चुकीचं दाखवतं. त्यामुळं रिकामपणी ते नळी मांडीवर घेऊन, तान्ह्या पोराची ढेकर काढावी तसे तिला थापटत बसलेले दिसतात.

पण खरी गंमत पुढंच आहे. नळीला दोन माणसं लागतात आणि मिस्त्री ती एकटे वापरायचे. समोरच्या भिंतीत खिळा मारायचे. नळीच्या एका टोकाला हिरव्या कापडाची चिंधी बांधलेली आहे, ते टोक खिळ्याला अडकवायचे. मग आपलं टोक घेऊन अलीकडच्या भिंतीशी यायचे, ते दुसऱ्या खिळ्याला अडकवायचे, पुन्हा पलीकडं जाऊन पाणी बघायचे, पुन्हा अलीकडं. दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास. कुणी कीव येऊन "द्या, मी धरतो" म्हणालं तर चिंधीच्या टोकाला हात लावू देत नसत. "ऱ्हाऊ द्या. त्या टोकाला माणूस हाय," एवढंच म्हणत. ऐकणारा खिळ्याकडं बघायचा, मिस्त्रींकडं बघायचा, आणि हळूच वाटेला लागायचा.

मी या गल्लीत आलो सात वर्षांपूर्वी. त्याआधी सूतगिरणीच्या चाळीत राहायचो. गिरणी बंद पडली तेव्हा हातात आलं त्यात दोन खोल्या आणि पुढं एक सोपा, म्हणजे बैठकीची खोली, बांधला. मिस्त्रींनी काम मागितलं होतं. मी दुसऱ्याला दिलं, तो लवकर करून देतो म्हणाला म्हणून. वास्तुशांतीला सगळी गल्ली आली, नेसरीहून सासरची मंडळी आली, आणि नळी घेऊन मिस्त्री आले. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी दोन खिळे मारले. नव्या रंगावर. चार वेळा सोप्यातून इकडून तिकडं फिरले. मग पूजेतलं एक लिंबू उचललं आणि दाराशी जमिनीवर ठेवलं.

लिंबू निघालं. सासऱ्यांच्या पायाजवळून, भटजींच्या ताम्हणाला वळसा घालून, सरळ स्वयंपाकघरात गेलं आणि चुलीच्या ओट्याला जाऊन थांबलं.

"दीड बोट," मिस्त्री म्हणाले. "सर्जेराव, मनावर घिऊ नगा. मी येऊन फरशी सारखी करून देतो की. पैसं न्हाय घेत."

मी मनावर घेतलं. माणसं तासभर हसत होती. माझा मेहुणा तर अजून कुठल्याही लग्नात मला गाठून विचारतो, "दाजी, लिंबू आलं का परत?" मिस्त्री पुढं दोन-तीनदा फरशीचं विचारायला आले, मी दारातूनच नको म्हणालो. मी भांडलो नाही. न बोलणाऱ्या माणसाचा राग भांड्यात ठेवलेल्या लोणच्यासारखा असतो, वर काही दिसत नाही.

मग शहरात ते मोठं काम निघालं. आठ मजल्यांचं नवं हॉस्पिटल. कंपनी बाहेरची, पण कामाच्या कागदात अट होती की स्थानिक माणसांना घ्यायचं, आणि ज्यांना कौशल्य नाही त्यांना तीन महिने शिकवून घ्यायचं. साइटवर पत्र्याची मोठी शेड उभी राहिली. शेडच्या दाराशी एक टेबल, टेबलावर 'स्थानिक नोंदणी' अशी पाटी आणि टेबलामागं मी. गिरणीनंतर मिळालेली ती माझी पहिली धड नोकरी. रांग पार कोडोली गावापासून आलेल्या माणसांची लागायची. अर्ज घ्यायचे, तपासायचे, आत साहेबांकडं द्यायचे, असं माझं काम.

ट्रेनिंगचे साहेब विदर्भातले. पस्तिशीतला, सज्जन माणूस. त्यांना गवंडीकाम शिकवायला गावातला एक जुना मिस्त्री हवा होता. अर्ज सात आले. त्यात एक बाबालाल मिस्त्रींचा.

तो अर्ज मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. प्रत्येक अक्षर रेघेवर. रेघा त्यांनी स्वतः पेन्सिलीनं मारलेल्या, आणि मला खात्री आहे, नळी लावून. अनुभवाच्या रकान्यात त्यांनी बांधलेल्या घरांची यादी होती. जागा पुरली नाही म्हणून मागची बाजू भरली, तीही पुरली नाही म्हणून दोन कागद जोडले. अर्ज देताना त्यांनी टेबलाचा एक पाय उचलून खाली लाकडाची खपली सारली आणि म्हणाले, "सर्जेराव, एवढं काम झालं पायजे बघा. घरात बसून बसून माणूस उंदरासंगं बोलाय लागतंय."

साहेबांनी अर्ज वाचला आणि खूश झाले. मला बोलावून विचारलं, "हे तुमच्या गल्लीतले ना? कसे आहेत? परांचीवर चढतील ना या वयात?"

मला लिंबू दिसलं. एवढंच. ते ताम्हणाला वळसा घालून निघालेलं लिंबू.

"माणूस चांगला आहे, साहेब," मी म्हणालो. "पण उंचावर चक्कर येते त्यांना."

साहेबांनी वाईट वाटून अर्ज बाजूला ठेवला. शेडमध्ये परांचीवरचं काम शिकवायचं होतं, चक्कर येणारा माणूस कसा चालेल? दुसऱ्याला घेतलं. आठ दिवसांनी मिस्त्री विचारायला आले. अर्जात वयाची कसलीही अट नव्हती. मी म्हणालो, "वयाचं आडवं आलं." त्यांनी टेबलाच्या पायाखालची खपली नीट बसवली. "वय तर झालंच की," म्हणाले, आणि नळी सावरत गेले.

इथंच ही गोष्ट संपली असती तर मी ती कदाचित गिळूनही टाकली असती. पण त्याच आठवड्यात माझ्या टेबलाशी संगीता आली. संगीता गगनबावड्याकडची, आमच्याच गल्लीच्या टोकाला भाड्यानं राहते. बारा वर्षं बांधकामावर बिगारी, म्हणजे विटा आणि मालाची घमेली वाहणारी. तिला गवंडी व्हायचं होतं. शेडमध्ये घ्यायच्या आधी दहा विटा एका ओळीत लावून दाखवायची चाचणी होती. बारा वर्षांत तिनं किती विटा उचलल्या असतील, पण माल लावायची थापी तिच्या हातात कुणी दिलीच नव्हती. ओळ नागमोडी गेली. साहेब म्हणाले, पुढच्या तुकडीला बघू.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीतल्या तालमीच्या मागच्या मोकळ्या जागेत एक भिंत उभी राहायला लागली.

संगीतानं मिस्त्रींना गाठलं होतं; कामावरून सुटून पाचला ती यायची. मागोमाग आणखी येऊ लागले. तिच्यासकट चार बायका, पाच बाप्ये, सगळे माझ्या टेबलावरून परत गेलेले. माल सिमेंटचा नाही, चिखलाचा. विटा तालमीच्या आणि तालमीची अट एकच, की सकाळी पोरांना व्यायामाला जागा मोकळी पाहिजे. म्हणून पाच ते सात भिंत बांधायची, मिस्त्रींनी नळी लावायची, चुका दाखवायच्या, आणि अंधार पडायच्या आत भिंत उतरवून, विटा धुऊन रचून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या विटेपासून. गल्लीत येणारे पाहुणे चक्रावून जायचे.

"काल हितं भिंत हुती न्हवं?" एकानं विचारलं.

"व्हय पावणं," मिस्त्री म्हणाले. "उद्याबी असंल. सकाळची तेवढी नसतीया."

शिकवायची रीत त्यांची स्वतःची. "थापी पळीगत धरू नगंस, कालवण न्हाय वाढायचं." "वीट आपटू नगं, ती काय तुजी सवत न्हाय." एकाची ओळ वाकडी गेली की त्याला भिंतीसमोर मुकाट उभं करायचे आणि विचारायचे, "आता हिच्याकडं बघून तुला जेवाण जाईल का?" बहुतेकांना जायचं. संगीताला जायचं नाही. ती स्वतःच ओळ उतरवायची. मिस्त्री तेव्हा तोंड फिरवून नळी थापटत बसायचे.

मी रोज कामावरून येताना तालमीच्या कोपऱ्यावर थांबायचो. लांबून बघायचो आणि घरी जायचो. शोभा, माझी बायको, एकदा म्हणालीच, "एवढं बघता तर जाऊन चार विटा द्या की." मी मनगट पुढं केलं, म्हणजे उशीर झालाय.

तीन महिन्यांनी दुसरी चाचणी झाली. या वेळी दहा विटा नाहीत, चार फूट उंचीचा कोपरा. साहेबांनी लेसरचं यंत्र लावलं. नऊपैकी आठ पास. नववा घाबरून गेला होता, त्याला आठवड्यानं पुन्हा बोलावलं आणि तोही झाला. संगीताच्या कोपऱ्यावर ती लाल रेघ पहिल्या विटेपासून शेवटच्या विटेपर्यंत नुसती टेकून राहिली. साहेबांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. यंत्रच बिघडलंय की काय, अशा चेहऱ्यानं.

"कुणी शिकवलं?"

नऊ जणांनी एकच नाव सांगितलं.

साहेब माझ्याकडं वळले. "सर्जेराव, त्यांना तर चक्कर येते ना?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. शेडमध्ये मी, साहेब आणि ते नऊ जण. माझी नोकरी गेली असती कदाचित, कदाचित नसतीही गेली.

"जमिनीवर येत नाही, साहेब," मी म्हणालो.

मिस्त्रींना दुसऱ्याच दिवशी बोलावणं गेलं. नेमणुकीच्या कागदावर साहेबांनी काळजीनं लिहिलं, 'फक्त तळमजल्यापुरते'. शिवाय काही होऊ नये म्हणून एक सुरक्षारक्षक दिला. मिस्त्रींच्या कमरेला पट्टा, पट्ट्याची दोरी रक्षकाच्या हातात. सपाट जमिनीवर. मिस्त्री पहिले दोन दिवस मागं वळून वळून बघत होते. मग मला म्हणाले, "ह्यो मला दाव्याला बांधून का फिरवतोय? मी काय कुणाच्या रानात शिरतोय का?" साहेबांना मात्र ते काही बोलले नाहीत. साहेबांनाही ते पावणंच म्हणतात. दर सकाळी त्यांच्या टेबलावरची पाण्याची बाटली आडवी धरून टेबल सरळ आहे का बघतात आणि मग शिकवायला जातात.

तेव्हापासून त्या शेडमधून तीन तुकड्या बाहेर पडल्या. पूर्वी नोंदणीच्या रांगेत पोरं मोबाईल बघत उभी असायची, आता रांगेतच एकमेकांना थापी धरून दाखवतात. संगीता सहाव्या मजल्यावर खोल्यांच्या भिंती घेते. हजेरीत तिच्या नावापुढं 'गवंडी' असं लागलं त्या दिवशी तिनं मला तो रकाना दोनदा वाचून दाखवायला लावला. दुपारच्या सुट्टीत ती वरून ओरडते, "मिस्त्री, वर या की, माझी भिंत बघाय!" मिस्त्री खालून हात हलवतात. मागचा रक्षकही हलवतो.

गेल्या रविवारी सकाळी मिस्त्री आमच्या दारात उभे. खांद्यावर नळी.

"सर्जेराव, आज तरी फरशी बघू द्या," म्हणाले. "माझी माणसं हायती आता हाताखाली. एका रविवारात करून देतो."

मी बाजूला झालो. ते आत आले, खिळ्यासाठी खिशात हात घातला, भिंतीवरच्या जुन्या दोन भोकांकडं बघितलं आणि हात तसाच बाहेर काढला. चिंधीचं टोक माझ्यापुढं धरलं.

"धरा."

"मी?"

"एकट्यानं चालवत न्हाय आता. संगीताला दिलं असतं, पर तिला आज रविवारीबी सहाव्या मजल्यावर काम हाय."

मी टोक धरलं. मिस्त्री आपलं टोक घेऊन समोरच्या भिंतीशी गेले आणि तिथूनच, भिंतीकडं तोंड करून बोलत राहिले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

त्या टोकाला जैतूनभाभी, त्यांची बायको, असायच्या. तीस वर्षं. चिंधी त्यांच्या लुगड्याची. मी गल्लीत यायच्या दोन वर्षं आधी त्या गेल्या. दोघं जोडीनं कामाला जायचे, हे गवंडी, त्या बिगारी. "हजेरीत तसंच लागायचं," मिस्त्री म्हणाले. "खरी नजर तिची. ती 'बसलं' म्हणाली की मी खूण मारायचो, मला परत बघाय लागायचं न्हाय. तिला कधी थापी दिली न्हाय मी. लोक काय म्हणतील म्हणून. आता संगीताच्या हातात बघितली की वाटतंय, सोपं हुतं की द्यायला."

मी चिंधीच्या गाठीकडं बघत राहिलो.

"तिला एकदा उंचावरनं बघायचं हुतं," ते म्हणाले. "आमी बांधलेली समदी घरं एका जाग्यावरनं. पर आमी तीन मजल्याच्या वर कधी बांधलंच न्हाय. आता आठवा मजला झालाय. तिथनं दिसत असतील. मला जाऊन मोजायची हुती."

"मग जा की," माझ्या तोंडून निघून गेलं.

"पावणं न्हाय सोडत. म्हणतोय, मिस्त्री, तुमाला चक्कर येती." ते थोडं हसले. "मला कधी कळलं न्हाय बघा. पर आसंल. बघणाऱ्याला कळत असंल. आता घरातल्या पायऱ्या उतरतानाबी भिंत धरून उतरतोय मी. उगं पडाय नको."

माझ्या हातातलं पाणी वरखाली व्हायला लागलं.

"हात हलवू नगा, सर्जेराव. पाणी ठरू द्या."

मी दोन्ही हातांनी टोक धरलं. शोभा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. बऱ्याच वेळानं पाणी ठरलं.

"बसलं," मी म्हणालो.

मिस्त्रींनी खूण मारली. परत येऊन माझ्याकडचं पाणी तपासलं नाही.

फरशी दीड बोट नाही, पावणेदोन बोटं उतरती निघाली. येत्या रविवारी ते माणसं घेऊन येणार आहेत, संगीताही येणार आहे. शोभानं कटाच्या आमटीची तयारी आत्तापासून सांगून ठेवली आहे.

हे सगळं मी लिहून काढलं, पण लिहिलं म्हणजे सांगितलं असं नाही. मिस्त्री अजून तळमजल्यावर आहेत, कमरेला पट्टा आहे आणि घरी ते भिंत धरून पायऱ्या उतरतात. साहेबांच्या टेबलासमोर, मिस्त्रींच्या देखत उभं राहून मला म्हणायचं आहे की यांना चक्कर येत नाही, कधीच येत नव्हती, ते मी रागानं बनवून सांगितलं होतं. आणि मग त्यांच्याबरोबर आठव्या मजल्यापर्यंत चढून जायचं आहे. एवढं मी त्यांचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.